शहापूरच्या रेडिओ दुकानातील कागद : एका हरवलेल्या ठिपक्याचे प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातील नंदगडच्या एका शेतकरी कुटुंबाचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातील काचेच्या नळ्यांवर चालणारा, रेडिओ २०२४ च्या जानेवारीत माझ्याकडे दुरुस्तीला आला, तिथून या प्रकरणाची सुरुवात होते. मी बेळगावातील एका तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेतून निवृत्त झालो असून जुने संच दुरुस्त करणे हा माझा आता केवळ छंद आहे, त्यामुळे घाई ना मला होती ना संचाच्या मालकांना. संच लाकडी पेटीचा, चार व्हॉल्व्हचा आणि एसी-डीसी अशा दोन्ही पुरवठ्यांवर चालणाऱ्या जातीचा होता. ज्या पुठ्ठ्याच्या मागील झाकणावर मॉडेलचा क्रमांक आणि व्हॉल्व्हच्या जागा छापलेल्या असतात, ते झाकण केव्हाच उंदरांनी संपवले होते. चेसिस, म्हणजे सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, उलटी करून पाहिली, तेव्हा एक रेझिस्टन्स (वीजप्रवाहाला अडवणारा भाग) भाजून काळपट झालेला दिसला. त्याची किंमत सांगणाऱ्या रंगीत पट्ट्यांपैकी पहिले दोन, करडा आणि लाल, भिंगातून ओळखता आले. तिसरा पट्टा लाल आहे की नारिंगी, हे मात्र भर दुपारी अंगणात नेऊनही ठरेना. करडा-लाल-लाल म्हणजे ८,२०० ओहम आणि करडा-लाल-नारिंगी म्हणजे ८२,००० ओहम. रेझिस्टन्स आतून तुटलेलाच असल्यामुळे मीटरकडून काही कळण्याची सोय नव्हती. सर्किट मिळवणे भाग होते.

जुन्या संचाचे सर्किट इंटरनेटवर शोधताना बहुतेक जण मॉडेल क्रमांक टाकतात आणि काही हाती लागले नाही की थांबतात. आपल्याकडील संचांच्या बाबतीत हा मार्ग विशेष फसवा आहे, कारण मुंबई, पुणे किंवा कोलकात्यात जुळणी होणाऱ्या कित्येक संचांची मूळ रचना हॉलंड किंवा इंग्लंडमधील असे, आणि तीच रचना इथे वेगळ्या पेटीत, वेगळ्या क्रमांकाने विकली जाई. क्रमांक हरवला असेल तर व्हॉल्व्हची जोडणी हीच संचाची खरी ओळख ठरते. या संचात यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२ आणि यूवाय ८५ हे चार व्हॉल्व्ह होते. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर तापतारेबद्दल, म्हणजे व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या तारेबद्दल, सांगते: ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टची तार आणि ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरची, जी इतरांबरोबर एकाच साखळीत जोडायची असते. ऐंशीच्या घरातील आकडा नऊ पायांच्या बेसचा असतो.

पण बेसमध्ये बसलेला व्हॉल्व्ह मूळचाच असेल असे नाही. साठ वर्षांत कोणी काय घातले असेल ते सांगता येत नाही. म्हणून एक हिशेब करून पाहिला. या चारांच्या तापतारांना अनुक्रमे १९, १९, ५० आणि ३८ व्होल्ट लागतात, म्हणजे एकूण १२६. घरच्या २३० व्होल्टमधून ते वजा केल्यास १०४ व्होल्ट उरतात, आणि १०० मिलिअँपिअरवर तेवढे व्होल्ट पाडण्यासाठी १,०४० ओहमचा रेझिस्टन्स लागतो. चेसिसवरचा चिनी मातीचा जाडजूड रेझिस्टन्स मी मोजला आणि तो या आकड्याच्या अगदी जवळ निघाला. व्हॉल्व्हची जोडणी मूळचीच आहे, याची खात्री झाली.

अशा शोधासाठी ‘रेडिओम्युझियम’ हा कोश उपयोगी पडतो. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट एर्ब यांनी उभा केलेल्या या कोशात जगभरच्या संचांची पाने आहेत आणि प्रत्येक पानावर व्हॉल्व्हची यादी असते. ‘वर्ल्ड रेडिओ हिस्टरी’ या संग्रहात जुनी मासिके आणि पुस्तके पानापानाने वाचता येतात. ‘एलेक्ट्रोतान्या’ हे हंगेरीतले भांडार सर्व्हिस मॅन्युअलसाठी कारागिरांना चांगले ठाऊक आहे, आणि व्हॉल्व्हचे मूळ तक्ते पाहण्यासाठी ‘फ्रँक’च्या नावाने ओळखला जाणारा संग्रह पुरेसा होतो. भारतीय संचांची पाने या ठिकाणी सापडत नाहीत असे नाही, पण माझ्या अनुभवात पान असते, छायाचित्र असते आणि सर्किट नेमके नसते. तीन रात्री शोधल्यावर एका छोट्या संकेतस्थळावर मला याच जोडणीच्या, याच डायलच्या संचाचे सर्किट मिळाले. प्रत वाईट होती. कोणीतरी कागदाची झेरॉक्स, त्या झेरॉक्सचे स्कॅन आणि त्या स्कॅनची निव्वळ काळी-पांढरी, अगदी लहान आकाराची फाइल केली होती. भाजलेल्या रेझिस्टन्सच्या जागी ‘८२ के’ असे वाचता आले. मी ८२,००० ओहमचा रेझिस्टन्स बसवला.

संच सुरू झाला, पण नावापुरता. बेळगावात धारवाड केंद्र म्हणजे ७६५ किलोहर्ट्झवर घरच्यासारखे येणारे केंद्र. तेही कान लावून ऐकावे लागे आणि रात्री मध्यम लहरींवर जी दूरची केंद्रे सापडतात, त्यांतले एकही लागत नव्हते. यानंतर मी जे केले ते लिहिताना संकोच वाटतो. मी आयएफच्या, म्हणजे संचाच्या आतील मधल्या ठरावीक वारंवारतेच्या, डब्यांवर संशय घेतला, ते उघडून पुन्हा ट्यून केले. मग व्हॉल्व्ह मंदावले असतील म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन मागवले. रेझिस्टन्सकडे मात्र वळून पाहिले नाही, कारण तो ‘सर्किटप्रमाणे’ होता. कागदावर छापलेल्या आकड्याला आपण जे प्रामाण्य देतो, तेच पडद्यावरच्या आकड्यालाही देऊन बसतो, मग तो पडद्यावर कसा पोचला आहे याची चौकशी राहूनच जाते. मार्च उजाडला तरी संच टेबलावरच होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावातल्याच शहापूरहून मामींचा फोन आला. शाळेत असताना सोल्डरिंग मी ज्यांच्या दुकानात शिकलो, त्या मामांना जाऊन दीड वर्ष झाले होते. रेडिओ, पुढे ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर आणि शेवटी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही असे सगळे त्या एका खोलीत दुरुस्त होत असे. मुलगा पुण्याला नोकरीत, दुकानाची जागा भाड्याची, आणि मालकांना ती महिनाअखेर मोकळी हवी होती. “उद्या रद्दीवाला येऊलाय,” मामी म्हणाल्या. “तुला काय पाहिजे ते आजच येऊन घेऊन जा बघ. मागनं मला बोलू नकोस.”

मी आणि माझे दोन माजी विद्यार्थी संध्याकाळी गेलो. सुट्या भागांची दाणादाण झालेली होती, पण माळ्यावर पत्र्याच्या दोन पेट्या आणि पुठ्ठ्याची चार खोकी होती. त्यांत मर्फी, बुश, फिलिप्स, एचएमव्ही, नेल्को, टेलेरॅड अशा नावांची सर्व्हिस पत्रके, व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टरचे तक्ते, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या डेटा पुस्तिका, विक्रेत्यांची पत्रे आणि मामांच्या कामाच्या वह्या होत्या. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याची खूणही त्या कागदांवर उमटलेली होती: जुन्या पत्रकांवर मुंबईच्या वितरकांचे शिक्के, नंतरच्यांवर हुबळी आणि बेंगळूरुचे. एक खोके २०१९ च्या ऑगस्टमध्ये, जिल्हाभर पूर आला त्या पावसात, छत गळून भिजले होते आणि वाळल्यावर त्यातील कागदांची वीट झाली होती. आम्ही निवड करत बसलो नाही. रिक्षा दोन खेपा करून सगळेच माझ्या घरी आणले. तो निर्णय बरोबर ठरला, कारण रात्री आठ वाजता, चाळीस वॅटच्या दिव्याखाली, कोणता कागद दुर्मिळ आणि कोणता नाही हे ठरवण्याची पात्रता आमच्यातल्या कोणाकडेही नव्हती.

अशा बचावाची मोठी उदाहरणे आहेत. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील फिंक्सबर्ग येथे जुन्या यंत्रांची मॅन्युअले विकणारी एक पेढी २०१५ मध्ये बंद होत होती. इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट यांनी ही गोष्ट कळताच स्वयंसेवक गोळा केले आणि हजारो मॅन्युअले खोक्यांत भरून हलवली. तिथला माल मुख्यतः मोजमापाच्या उपकरणांचा आणि छापील होता, एकेका मॅन्युअलच्या प्रती इतरत्रही असण्याची शक्यता होती. मामांच्या पेट्यांतले कागद एका वेगळ्या अर्थाने एकमेव होते, आणि ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

नंदगडच्या संचाचे पत्रक पहिल्याच पेटीत निघाले. चार घड्यांचा मोठा कागद, उलगडला तर जेवणाच्या टेबलाएवढा. भिंग लावायची गरज नव्हती: ज्या रेझिस्टन्सवर माझे दोन महिने गेले होते, त्याच्यासमोर ‘८.२ के’ असे स्वच्छ छापले होते. आठ आणि दोन यांच्यामधला ठिपका सुईच्या टोकाएवढा होता. झेरॉक्स आणि मग निव्वळ काळे-पांढरे स्कॅन करताना फिकट ते सगळे पांढरे होते आणि बारीक ते सगळे पुसले जाते; त्यात तो ठिपका गेला आणि किंमत दसपट झाली.

आता हिशेबही पुरा जुळला, जो मी जानेवारीतच करायला हवा होता. हा रेझिस्टन्स यूसीएच ८१ आणि यूबीएफ ८९ या दोन्ही व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडला, म्हणजे आतील एका जाळीला, व्होल्टेज देतो. तक्त्यानुसार स्क्रीनला सुमारे १०० व्होल्ट लागतात आणि दोन्ही स्क्रीन मिळून आठ-नऊ मिलिअँपिअर ओढतात. एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना मिळणारा मुख्य उच्च दाबाचा पुरवठा, १७० व्होल्ट धरली तर ७० व्होल्ट पाडायचे आहेत, आणि साडेआठ मिलिअँपिअरवर ७० व्होल्ट पाडणारा रेझिस्टन्स ८.२ किलोओहमचाच येतो. मी बसवलेल्या ८२ वर मोजले तेव्हा स्क्रीनला जेमतेम तेहतीस व्होल्ट मिळत होते, म्हणून संच अर्धपोटी चालल्यासारखा चालत होता. दहा मिनिटांचे गणित आणि फुकट उपलब्ध असलेला तक्ता एवढ्यावर ही चूक पकडता आली असती.

मात्र त्या कागदावर छापलेल्या ठिपक्यापेक्षाही मोलाची गोष्ट पेन्सिलने लिहिलेली होती. रेझिस्टन्सभोवती वर्तुळ काढून मामांनी बाजूला लिहिले होते: ‘हा १ वॅटचा भाजतो. २ वॅट घालणे. उभा ठेवणे, कॉइलच्या मेणाजवळ नको.’ सत्तर व्होल्ट गुणिले साडेआठ मिलिअँपिअर म्हणजे ०.६ वॅट. कागदावर एक वॅटचा रेझिस्टन्स त्याला पुरेसा आहे, पण बंद चेसिसखाली, तापत्या व्हॉल्व्हच्या बुडाशी, आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तो पुरत नाही. हे कंपनीच्या कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही आणि इंटरनेटवरच्या उत्तमातल्या उत्तम प्रतीतही असणार नाही. तो संच मूळ ज्या हवेसाठी रचला गेला ती हवा वेगळी होती, आणि इथल्या हवेत तो कसा वागतो हे शहापूरच्या एका खोलीत चाळीस वर्षे बसलेल्या माणसाला माहीत होते. या प्रकरणात पुढे आम्ही जे काही केले, ते या एका पेन्सिलीच्या ओळीला धरून केले: छापील सर्किट वाचवायचेच, पण त्याच्या कडेचे हस्ताक्षर आधी.

कागद हाताळायला घेतल्यावर पहिली अडचण टाचण्यांची आली. गंजलेल्या टाचण्या ओढून काढल्या की कागदाचा कोपरा बरोबर येतो. त्यामुळे त्या मागून उघडून, पातळ चाकूने सोडवाव्या लागल्या. कसरीने खाल्लेले कागद वेगळे केले, नाहीतर ती इतरांत शिरली असती. काही सर्किटे अमोनिया प्रिंटची होती. हा प्रकार उजेडात ठेवला की उडत जातो, म्हणून ती सर्वांत आधी स्कॅन करून काळ्या कागदात गुंडाळली. घड्या पडलेले मोठे कागद इस्त्री करण्याचा मोह माझ्या एका विद्यार्थ्याला झाला होता, तो वेळीच आवरला. दोन दिवस जड पाटाखाली ठेवल्यावर ते पुरेसे सपाट झाले.

स्कॅन कसे करायचे यावर आमच्यात मतभेद झाले. मोबाईलने फोटो काढून ‘डॉक्युमेंट’ पर्यायात टाकले की काम एका आठवड्यात आटोपेल, असे एकाचे म्हणणे होते. त्याला मी नंदगडचा रेडिओ दाखवला. ज्यांना हे उदाहरण किरकोळ वाटेल, त्यांनी २०१३ ची एक घटना पाहावी. जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांच्या लक्षात आले की, झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर बांधकामाचा नकाशा स्कॅन केला असता वेगवेगळ्या क्षेत्रफळांच्या तीन खोल्यांवर १४.१३ चौरस मीटर हा एकच आकडा येत होता. अस्पष्ट छपाई हे त्याचे कारण नव्हते; आकडे अगदी ठळक आणि सुबक होते, फक्त चुकीचे होते. फाइल लहान करण्याच्या त्या पद्धतीत सारखी दिसणारी अक्षरे शोधून त्यांचा एकच ठसा ठेवला जातो आणि तोच सगळीकडे उमटवला जातो. बारीक छपाईत इंग्रजी सहा आणि आठ हे आकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. पुसट आकडा दिसला की वाचणारा सावध होतो. सुबक दिसणारा चुकीचा आकडा त्याला सावध होऊ देत नाही. सर्किटसाठी याहून घातक दोष मला माहीत नाही.

म्हणून मूळ प्रत रंगीत, इंचाला सहाशे ठिपके या मापाने, कोणतीही माहिती न गाळणाऱ्या टिफ स्वरूपात ठेवायची असे ठरले. रंग यासाठी की, काळ्या-पांढऱ्यात पेन्सिल नाहीशी होते, आणि मामांच्या टिपणांत तांबड्या शाईची खूण बदललेल्या भागाची आणि निळ्या शाईची मोजलेल्या व्होल्टेजची आहे. वाचण्यासाठी त्यातूनच हलकी पीडीएफ काढायची, पण मूळ प्रत कधी पुसायची नाही. मोठे कागद तुकड्यातुकड्याने घेतले आणि प्रत्येक तुकड्यात दोन बोटे रुंदीचा भाग शेजारच्या तुकड्याशी समान ठेवला, म्हणजे जोड कुठे पडला ते नंतरही तपासता येते. दशांशचिन्हाचा प्रश्न जुन्या मंडळींनाही पडला होताच. पुढे ब्रिटिश मानकात ठिपक्याच्या जागी अक्षर लिहिण्याची रीत आली, त्यात ८.२ के हे ‘८के२’ असे लिहितात आणि झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येही ते टिकते. आम्ही सोबतच्या टंकलिखित यादीत हीच रीत वापरली.

हस्ताक्षर वाचण्याचे काम अपेक्षेपेक्षा अवघड गेले. मामांचे मराठी वळण ओळखीचे होते, पण दुकानात बैलहोंगलकडचा एक मदतनीस बरीच वर्षे होता आणि त्याच्या नोंदी कन्नडमध्ये आहेत. एकाच कागदावर वरची ओळ मराठी, खालची कन्नड आणि आकडे इंग्रजी असे कितीतरी वेळा आढळते. कन्नड ओळी शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांनी वाचून दिल्या. तांत्रिक शब्द त्यांना परके, म्हणून ते मोठ्याने वाचत आणि मी अंदाज बांधत असे. एके ठिकाणी ते बराच वेळ अडले, मग कळले की तो ‘गँग’ हा शब्द होता आणि ट्यूनिंग कंडेन्सरला आम्ही सगळे तेच म्हणतो. यादी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत केली. संच शोधणारा माणूस चिकोडीचा असेल, गोकाकचा असेल किंवा हॉलंडमधला असेल. त्याने टाकलेल्या शब्दाला यादी लागली पाहिजे. प्रत्येक पत्रकाला मॉडेल क्रमांकाबरोबर व्हॉल्व्हची पूर्ण जोडणी आणि आयएफची वारंवारता लिहिली, म्हणजे ज्याच्या संचाचे झाकण उंदरांनी खाल्ले आहे त्यालाही ते सापडेल.

डायलच्या दोरीबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. रेडिओचा काटा ज्या दोरीने सरकतो, ती तुटली की ती कोणत्या कप्पीवरून, किती वेढे देऊन, कोणत्या दिशेने परत आणायची हे ज्याला माहीत नाही त्याचा अख्खा दिवस जातो. सर्किटमध्ये ती नसते. इंटरनेटवर सर्किट चढवणारे बहुतेक लोक नेमके दोरीच्या आकृतीचे पान वगळतात, कारण ते विजेचे नाही. मामांच्या एका शंभर पानी वहीत केवळ दोऱ्यांच्या आकृत्या आहेत, हाताने काढलेल्या, बाणांसह आणि गँग पूर्ण मिटलेला असताना कप्पी कुठे असावी या खुणेसह. त्या वहीची स्कॅन करण्याची पाळी आम्ही सर्वांच्या आधी लावली.

कामाच्या वह्यांबाबत वेगळा विचार करावा लागला. त्यांत तारीख, संच, दोष आणि बदललेले भाग यांबरोबर गिऱ्हाइकांची नावे, गावे आणि राहिलेली उधारी आहे. दोषांची नोंद अभ्यासाला उपयोगी आहे. कोणाच्या आजोबांनी १९७१ मध्ये सात रुपये बुडवले, ही माहिती जगाला देण्याचा अधिकार आम्हाला नाही. या वह्यांतला तांत्रिक मजकूर उतरवून घेतला आणि मूळ वह्या मामींना परत केल्या.

हक्कांचा प्रश्न परिचित वकिलांना विचारूनच सोडवला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचे नाव न देता प्रसिद्ध झालेल्या कृतीचे संरक्षण, लेखकाची ओळख त्या मुदतीत उघड झाली नसेल तर, प्रसिद्धीच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकते. म्हणजे २०२४ मध्ये मोजले तर १९६३ अखेरपर्यंतची निनावी पत्रके खुली झाली होती. नंदगडच्या संचाचे पत्रक १९६१ चे असल्याने ते त्यात बसले. त्यानंतरची पत्रके इंटरनेटवर सर्रास फिरत असली तरी ती आम्ही चढवली नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे: २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा कायदा देतो. म्हणून नंतरचे कागद मूळ स्वरूपात एका सार्वजनिक वाचनालयाला देण्याचे ठरले. वाचनालयाच्या पहिल्या बैठकीत “ही पुस्तके नव्हेत, दाखलखारीज कशी करणार?” असा प्रश्न निघाला आणि तो अगदीच गैर नव्हता, शेवटी पत्रके कंपनीवार बांधून त्यांना खंडाचे रूप दिल्यावर नोंद झाली. मामांची टिपणे ही मात्र मामांचीच कृती, तिचे हक्क वारसांकडे. मुलाकडून एका पानाची लेखी संमती घेतली. तो पुण्याहून सही करायला आला तेव्हा दोऱ्यांची वही बराच वेळ चाळत बसला होता.

खुली पत्रके इंटरनेट आर्काइव्हवर ठेवली आहेत, आणि प्रत्येकाची एक प्रत माझ्याकडे व एक पुण्याला मुलाकडे आहे. एकाच संकेतस्थळावर विसंबण्याची माझी तयारी नाही. जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद झाली तेव्हा हौशी लोकांनी स्वतः रेखाटलेली किती सर्किटे तिच्याबरोबर गेली याची मोजदाद कोणाकडे नाही. माझी चुकीची ‘८२ के’ची प्रत ज्या संकेतस्थळावर होती, त्यांना मी शुद्ध प्रत आणि पत्र पाठवले. उत्तर आलेले नाही. चुकीची प्रत तिथेच आहे, आणि शोधयंत्रात ती आमच्या प्रतीच्या वर येते.

नंदगडचा संच एप्रिलमध्ये परत गेला. ८.२ किलोओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टन्स मेणापासून दूर, उभा बसवला आणि स्क्रीनला ९८ व्होल्ट मिळाले. या जातीच्या संचात चेसिस थेट विजेच्या तारेला जोडलेली असते, म्हणून मागे नवे झाकण करून त्यावर मोठ्या अक्षरांत तशी सूचना, व्हॉल्व्हच्या जागा आणि मॉडेल क्रमांक लिहून दिला. उंदरांसाठी या वेळी पुठ्ठ्याऐवजी हार्डबोर्ड वापरला आहे.

पुराच्या त्या पावसात भिजलेले खोके अजून तसेच आहे. वाफ देऊन पाने सुटतात असे एकाने सुचवले, म्हणून कडेचा एक कागद करून पाहिला. कागद सुटला, पण त्याची शाई खालच्या पानाला चिकटून राहिली आणि दोन्ही वाचता येईनाशी झाली. तेव्हापासून त्याला हात लावलेला नाही. विटेच्या वरच्या बाजूला जे दिसते त्यावरून ती ट्रान्झिस्टर संचांची पत्रके असावीत: ओसी ४४, दोन ओसी ४५, आणि शेवटी तांबड्या शाईत, मामांच्या अक्षरात, ‘याऐवजी एसी १२८ चालतो, पण’. पुढचा शब्द घडीत गेला आहे.